लवणवती लुणी : मरुभूमीतील एका खोऱ्याचा इतिहास

नद्यांची महती सांगताना गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा ही नावे ओठांवर सहज येतात. लुणीचे नाव कोणी घेत नाही. वर्षातील आठ-नऊ महिने जिच्या पात्रात केवळ वाळू असते आणि जी समुद्रापर्यंत पोहोचतच नाही, अशा नदीचे स्तोत्र कोण रचणार? तथापि महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या मारवाडी जैन समाजातील असंख्य कुटुंबांची मूळ गावे शोधू गेल्यास पाली, सोजत, पीपाड, बिलाडा, जालोर, सिवाना, बालोतरा, जसोल, सांचोर ही नावे पुढे येतात. या सर्व गावांचे पाणी अखेर एकाच नदीकडे वाहते, आणि ती नदी लुणी होय.

अजमेरजवळील नाग पहाडात अरवलीच्या कुशीत तिचा उगम होतो. प्रारंभी तिला सागरमती म्हणतात. पुष्कराकडून येणारी सरस्वती तिला गोविंदगढ येथे मिळते आणि त्यापुढे ती लुणी होते. तेथून नैर्ऋत्येकडे सुमारे ४९५ किलोमीटर प्रवास करून ती कच्छच्या रणात विरून जाते. तिच्या खोऱ्याचा विस्तार सुमारे ३७ हजार चौरस किलोमीटर आहे. थरच्या मरुभूमीतील ही एकमेव मोठी नदी. लिलडी, गुहिया, बांडी, सुकडी, जवाई, खारी, सागी या तिच्या उपनद्या अरवलीतून उतरून डाव्या बाजूने येतात. उजव्या बाजूने येणारी जोजरी तेवढी निराळी. ती अरवलीत जन्मत नाही, नागौरच्या बाजूने येते. १४४४ स्तंभांचे राणकपूरचे मंदिर अरवलीच्या ज्या पश्चिम उतारावर उभे आहे, तेथील पाऊसही शेवटी लुणीच्याच वाट्याला येतो.

नदीचे नाव तिच्या गुणावरून पडले आहे. संस्कृतात ती लवणवती किंवा लवणवारी. मराठीतील ‘लोणचे’ या शब्दात जे लोण दडले आहे, बुलढाण्याच्या लोणार सरोवराच्या नावात जे आहे, तेच हे लवण. (लुणी आणि लोणी यांचा संबंध नाही, हे नव्या पिढीसाठी सांगितलेले बरे.) परंतु ही नदी जन्मतः खारट नाही. उगमापासून बालोतऱ्यापर्यंत तिचे पाणी गोडे असते, असे परंपरेने सांगितले जाते. त्यापुढे मात्र जमिनीतच क्षार भरलेले असल्याने आणि कडक उन्हात पाण्याची वाफ होऊन क्षार मागे राहत असल्याने पाणी खारे होत जाते. बालोतरा ही गोड्या आणि खाऱ्या पाण्याची सीमा. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. लेखाच्या उत्तरार्धात त्याचे पुन्हा काम पडणार आहे.

या सीमेच्या थोडे खाली तिलवाडा नावाचे गाव आहे. रावळ मल्लिनाथ हे चौदाव्या शतकातील राठोड वीर लोकांनी संतपदी बसविले; त्यांच्या नावावरूनच या प्रदेशाला मालाणी म्हणतात. त्यांच्या स्मरणार्थ महाराष्ट्राच्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन वद्य एकादशीपासून चैत्र शुद्ध एकादशीपर्यंत लुणीच्या कोरड्या पात्रातच गुरांचा मोठा बाजार भरतो. राजस्थानातील जुन्यांत जुन्या पशुमेळ्यांत त्याची गणना होते. पात्रातील वाळू थोडी खोदली की त्या दिवसांत पिण्याजोगे पाणी लागते आणि तो मल्लिनाथांचा प्रसाद आहे, अशी तेथील श्रद्धा आहे. श्रद्धा बाजूला ठेवली तरी वाळूखाली पाणी साठते हे खरे, आणि मरुभूमीतील माणसाने आपले सारे जीवन त्या दडलेल्या पाण्यावर बेतले हेही खरे.

माणूस येथे फार प्राचीन काळापासून आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी लुणीच्या खोऱ्यात पायी हिंडून अश्मयुगीन दगडी हत्यारांची अनेक स्थळे नोंदविली आणि पुढे याच तिलवाड्यास उत्खनन केले. तेथे बारीक दगडी पाती सापडली, तशीच झोपड्यांच्या पायाची दगडी वर्तुळेही मिळाली. आज जेथे गुरांचा बाजार भरतो तेथे हजारो वर्षांपूर्वीही गुराखी आणि शिकारी मुक्काम करीत होते. लुणी हा लुप्त सरस्वतीचाच जुना प्रवाह असावा, असे मत काही संशोधकांनी मांडले आहे. त्यावर विद्वानांत एकमत नाही, म्हणून त्याचा येथे केवळ उल्लेख.

जैन वाङ्मयाच्या दृष्टीने या खोऱ्याचा मान मोठा आहे. सुकडी नदीच्या काठी असलेल्या जालोरचे प्राचीन नाव जाबालिपूर. तेथे ऋषभदेवांच्या मंदिरात बसून उद्योतनसूरींनी ‘कुवलयमाला’ हा ग्रंथ पूर्ण केला, तो शके ७०० संपण्यास एक दिवस उरला असता, म्हणजे इ. स. ७७९ मध्ये. त्या वेळी प्रतिहार राजा वत्सराज राज्य करीत होता. ग्रंथाची भाषा प्रामुख्याने जैन महाराष्ट्री प्राकृत. म्हणजे मराठीची पूर्वज असलेली भाषा त्या काळी मारवाडातील जैन साधूंची ग्रंथभाषा होती. या कथेत एका बाजारपेठेचे वर्णन येते. देशोदेशींचे व्यापारी तेथे जमले आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या बोलीत बोलत आहे. त्यांत मऱ्हाठी व्यापारीही आहे आणि त्याच्या तोंडचे दोन शब्दही सूरींनी नोंदविले आहेत. मराठी बोलीच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक मानली जाते. मऱ्हाठी माणूस काटक आणि सोशिक, पण भांडखोर असल्याचे सूरी सांगतात. मारवाडच्या आपल्या माणसांनाही ते सोडत नाहीत, त्यांना जाडजूड आणि खादाड ठरवतात! साडेबाराशे वर्षांपूर्वीच्या एका विरक्त साधूला बाजारातील गिऱ्हाइकांची आणि दुकानदारांची नस इतकी नेमकी सापडावी, याचे व्यापारी वाचकाला कौतुक वाटल्याखेरीज राहणार नाही. या ग्रंथाची संशोधित आवृत्ती कोल्हापूरच्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी सिद्ध केली आणि १९५९ साली तिचा पहिला भाग सिंघी जैन ग्रंथमालेत निघाला.

पुढे जालोरच्या सुवर्णगिरीवर गुजरातचा राजा कुमारपाल याने विक्रम संवत १२२१ मध्ये पार्श्वनाथांचे मंदिर बांधविले. दक्षिणेकडे असलेल्या भिनमाळात ब्रह्मगुप्ताने ६२८ साली आपला गणितग्रंथ रचला होता, आणि त्याच नगरीत सिद्धर्षींनी ९०६ साली ‘उपमितिभवप्रपंचा कथा’ पूर्ण केली. श्रीमाळ ज्ञाती आपले मूळ याच नगरीत सांगते. बालोतऱ्याजवळ डोंगरांच्या कुशीत असलेले नाकोडा पार्श्वनाथ तीर्थ, जुने वीरमपूर, समाजबांधवांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

राठोडांचा मारवाडातील पहिला पायही लुणीच्याच खोऱ्यात पडला. त्यांचा मूळपुरुष राव सीहा याचा विक्रम संवत १३३० चा स्मृतिलेख पालीजवळ बिठू येथे मिळाला आहे. बालोतऱ्याजवळील खेड ही त्यांची पहिली राजधानी. जोधपूर वसले ते त्यानंतर फार उशिरा, १४५९ मध्ये.

या खोऱ्याची माहिती ज्या एका माणसामुळे इतिहासाला मिळाली, त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अगत्याचे आहे. तो माणूस म्हणजे मुहणोत नैणसी. महाराष्ट्रात जे मुणोत म्हणून ओळखले जातात त्यांचाच हा ओसवाल वंश. १६१० साली जन्मलेले नैणसी १६५८ साली महाराजा जसवंतसिंह (पहिले) यांचे दिवाण झाले. त्यांचे वडील जयमल हेही राज्याच्या मोठ्या पदावर होते. नैणसींनी दोन ग्रंथ लिहिले. पहिला ‘ख्यात’, म्हणजे राजकुळांचा इतिहास. दुसरा ‘मारवाड रा परगनां री विगत’. हा दुसरा ग्रंथ म्हणजे मारवाडच्या सात परगण्यांची गावनिहाय खतावणी आहे. गावाचा वसूल किती, कोणत्या जातीची वस्ती, कोणते पीक येते, विहिरी किती आणि त्यांचे पाणी गोडे की खारे, तळे किती महिने पुरते, गाव ओसाड आहे की नांदते, अशी नोंद त्यात आहे. सोजत, जैतारण, सिवाना या लुणीच्या खोऱ्यातील परगण्यांचे सतराव्या शतकातील चित्र त्यातून स्पष्ट दिसते. राजांच्या लढाया लिहिणारे भाट-चारण पुष्कळ झाले. विहिरीचे पाणी चाखून लिहिणारा दिवाण विरळा. हिशेबाची शिस्त बाळपणापासून अंगवळणी पडलेल्या महाजन घराण्यातील माणसालाच असा ग्रंथ सुचावा, यात नवल नाही. पुढे त्यांना राजपुतान्याचा अबुल फजल म्हटले गेले.

अशा माणसाचा शेवट मात्र दुःखद झाला आणि तो महाराष्ट्राच्या भूमीवर झाला. महाराजा जसवंतसिंह मोगलांचे सरदार म्हणून दख्खनेत असता औरंगाबाद येथे १६६७ साली नैणसी आणि त्यांचे बंधू सुंदरदास यांना महाराजांनी कैद केले. एक लाख रुपये दंड मागितला. दोघा भावांनी एक पैसाही देण्याचे नाकारले. सुटका झाली, पुन्हा कैद झाली, छळ झाला. १६७० साली त्यांना औरंगाबादहून मारवाडकडे नेले जात असता वाटेत फुलमरी या गावी दोघांनी स्वतःच्या हाताने प्राण दिले. त्यांच्यावर नेमका कोणता आरोप होता याविषयी निरनिराळी मते आहेत. परंतु दंड भरून सुटका करून घेण्याऐवजी ज्यांनी मरण पत्करले, त्यांना आपला हिशेब चोख असल्याची खात्री होती, असे मानण्यास जागा आहे. नैणसींच्या विगतेत मारवाडातील लहान-लहान खेड्यांचीही नावे आहेत. त्यांच्या स्वतःच्या मृत्यूचे गाव मात्र महाराष्ट्रातील समाजबांधवांनाही फारसे ठाऊक नसते.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत या खोऱ्याची मोठी पेठ पाली ही होती. बांडी नदीच्या काठावरील या गावी कच्छमधील मांडवी बंदरातून सांचोर, भिनमाळ, जालोर या मार्गाने उंटांचे तांडे येत आणि माल उत्तर हिंदुस्थानात जाई. कर्नल टॉडने आपल्या ग्रंथात या व्यापाराचे सविस्तर वर्णन केले आहे. (टॉडला राजस्थानचा इतिहास समजावून देणारे त्याचे गुरू यति ज्ञानचंद्र हे जैन होते.) मालाबरोबर संकटही येई. १८३६ साली पालीत प्लेगची भयंकर साथ उद्भवली. वैद्यकाच्या इतिहासात ती ‘पाली प्लेग’ या नावानेच ओळखली जाते. रोगाची पहिली लागण कापड छापणाऱ्या छिपांच्या वस्तीत झाली. पेठ पळाली, आणि पळणाऱ्यांबरोबर रोगही मारवाडभर गेला.

बालोतऱ्याजवळील पचपदरा येथे मिठाचा उद्योग होता. खारवाल लोक जमिनीत खड्डे खणून वर आलेल्या खाऱ्या पाण्यात मोरली नावाच्या काटेरी झुडपाच्या फांद्या टाकत आणि त्यांवर मीठ साखळे. १८७९ साली जोधपूर दरबारने पचपदरा, डिडवाना, फलोदी आणि लुणीच्या पट्ट्यातील मीठ इंग्रज सरकारला भाडेपट्ट्याने दिले. स्थानिकांनी परंपरेने चालविलेला धंदा सरकारी मक्तेदारीत गेला. १८८५ मध्ये रेल्वे जोधपूरला पोहोचली आणि १८८७ मध्ये लुणी जंक्शनपासून पचपदऱ्यापर्यंत खास फाटा टाकण्यात आला, तो मिठासाठी. रेल्वे आली तसे उंटांचे तांडे मोडले आणि पालीची जुनी पेठ ओसरली.

याच सुमारास दुष्काळाने घाला घातला. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छपनिया काळ’ मारवाडी घरांतून आजही नावाने आठवला जातो. धान्य, पाणी आणि चारा तिन्ही एकदम संपले. १८९१ च्या जनगणनेत जोधपूर राज्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख होती. १९०१ मध्ये ती १९ लाखांवर आली. मधल्या सहा लाखांतील किती मेले आणि किती परागंदा झाले, याची वेगळी मोजदाद नाही.

महाराष्ट्रात मारवाडी व्यापारी त्यापूर्वीच येऊ लागले होते. त्यांचे स्वागत सर्वत्र फुलांनी झाले असे नाही, आणि स्मरणिकेत केवळ गोड तेवढेच लिहावे असा दंडकही नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटून कर्जखते जाळली आणि हा दंगा पुणे-नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्यात मारवाडी सावकार हे मुख्य लक्ष्य होते. सरकारी साऱ्याचा बोजा, कापसाच्या भावाची घसरण आणि व्याजाचे चक्र, असे तिहेरी कारण त्यामागे होते. त्यावर उपाय म्हणून १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. एकाच वर्षी लुणीकाठच्या खारवालांचे मीठ गेले आणि भीमाकाठच्या सावकारांचे कागद तपासणीखाली आले.

पाणी अडविण्याचे प्रयत्न या खोऱ्यात पूर्वीपासून झाले. लुणीवर बिलाड्याजवळ जसवंतसागर धरण १८९२ साली झाले. सुमेरपूरजवळ जवाई धरणाचे काम महाराजा उमेदसिंह यांच्या कारकिर्दीत १९४६ मध्ये सुरू होऊन १९५७ मध्ये पुरे झाले. पश्चिम राजस्थानातील ते सर्वांत मोठे. तरीही पाली शहराची तहान भागत नाही. जवाई कोरडे पडले की जोधपूरहून पालीला रेल्वेने पाणी न्यावे लागते. एप्रिल २०२२ मध्येही ती गाडी धावली. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी जी गाडी महाराष्ट्राने पाहिली, तिच्या टाक्या राजस्थानातील कोटा येथे स्वच्छ करून आणल्या होत्या. याउलट कधी पाऊस असा कोसळतो की वाळवंटात माणसे बुडतात. जुलै १९७९ मध्ये लुणीला महापूर आला. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेरजवळील कवास गाव पाण्याखाली गेले आणि जमिनीखालील जिप्समच्या थरामुळे ते पाणी कित्येक दिवस मुरलेच नाही. २००८ साली सरदार सरोवराचे पाणी कालव्याने सांचोरला पोहोचले. सांचोरची शेते त्यामुळे हिरवी झाली; त्याच सरोवरासाठी नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी गावे बुडाली आहेत, हेही त्याच नोंदीत लिहिले पाहिजे.

आता कापडाविषयी. नदीकाठी छिपे आणि रंगारी वसतात, कारण कापड धुण्यास पाणी लागते. जोजरीकाठचे पीपाड आणि लुणीकाठचे बालोतरा येथील हाताचे छापकाम एके काळी असे होते की घागऱ्याच्या नक्षीवरून स्त्रीची जात आणि ती सधवा की विधवा हे ओळखता येई. स्वातंत्र्योत्तर काळात तेथे यंत्रे आली. पाली, बालोतरा, जसोल आणि जोधपूर येथे रंगाई-छपाईचे शेकडो कारखाने उभे राहिले. मालेगाव आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलेले ग्रे कापड ट्रकांनी तेथे जाते, धुलाई-रंगाई होऊन गाठींमधून परत येते आणि परकर, अस्तर, पोपलीन म्हणून महाराष्ट्रातील गावोगावच्या दुकानांत विकले जाते. या धंद्याने हजारो घरांच्या चुली पेटविल्या, यात शंका नाही. दुकानात तागा उलगडताना गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारते, रंग पक्का आहे ना? जो रंग कापडावर बसला नाही तो कोठे गेला, हा प्रश्न गिऱ्हाईकही विचारीत नाही आणि दुकानदारही.

तो बांडीत गेला, जोजरीत गेला आणि तेथून लुणीत. कॉस्टिक सोडा, आम्ले, रंग आणि रंग पक्का करण्यासाठी वापरलेले क्षार यांचे पाणी वर्षानुवर्षे कोरड्या पात्रांत सोडले गेले. बारमाही नदी असती तर काही अंशी तरी ते विरळ झाले असते; येथे नदीला स्वतःचे पाणीच नाही, म्हणून वाळूतून ते सरळ विहिरींत उतरले. १९८३ मध्ये पालीत सामुदायिक सांडपाणी शुद्धीकरण केंद्र झाले, ते देशातील पहिले म्हणून गणले जाते. परंतु अशा केंद्रात घाण आणि काही प्रमाणात रंग निघतो, विरघळलेले क्षार निघत नाहीत. ते काढण्याची यंत्रणा खर्चिक, आणि खर्च टाळून रात्री नळ सोडणारेही निघाले. परिणामी पालीच्या खालच्या गावांतील विहिरी खारट झाल्या, गहू आणि भाजीपाला येईनासा झाला. गोड्या आणि खाऱ्या पाण्याची जी सीमा निसर्गाने बालोतऱ्यास आखली होती, ती माणसाने शंभर किलोमीटरांच्या आसपास वर, पालीपर्यंत सरकविली. नैणसींच्या विगतेप्रमाणे आज कोणी गावोगावच्या विहिरींची नोंद करू लागला, तर ‘गोडे’ या रकान्यातील कित्येक नावे त्याला ‘खारे’ या रकान्यात लिहावी लागतील.

शेतकरी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने आणि राष्ट्रीय हरित लवादाने वेळोवेळी आदेश दिले, कारखाने बंद झाले, पुन्हा सुरू झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोजरीच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली आणि नोव्हेंबरमध्ये निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. जोजरीबरोबर बांडी आणि लुणी या नद्याही त्या विचारात आल्या. डोली, अराबा यांसारख्या खेड्यांतील लोकांना नदी वाहू लागली म्हणजे भीती वाटते, अशी पाळी आली आहे.

बालोतरा आता, ऑगस्ट २०२३ पासून, स्वतंत्र जिल्हा आहे. पचपदऱ्यास जेथे मीठ पिकत असे, त्या परिसरात तेलशुद्धीकरण कारखान्याच्या कामास २०१८ साली प्रारंभ झाला. नाकोडा येथे भगवान पार्श्वनाथांच्या जन्मकल्याणकाचा मेळा मारवाडी पंचांगाप्रमाणे पौष वद्य दशमीला, महाराष्ट्राच्या पंचांगाप्रमाणे मार्गशीर्ष वद्य दशमीला भरतो आणि त्यासाठी महाराष्ट्रातून यात्रेकरूंच्या गाड्या जातात. बालोतऱ्याहून नाकोड्याकडे जाताना लुणी ओलांडावी लागते. त्या महिन्यात लुणीला पावसाचे पाणी नसते. तेव्हा पात्रात काळसर असे काही वाहताना दिसले, तर ते नदीचे पाणी नव्हे.